काळीचे देणे कोणी द्यायचे?

"रस्ता खणला, काळी लागली आणि काम थांबले." यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही शहरात रस्त्याच्या पुनर्बांधणीचे काम निघाले, की हे वाक्य आज ना उद्या कानांवर येतेच. यवतमाळ असो, पुसद असो, दारव्हा असो की उमरखेड असो, वाक्य तेच. ते उच्चारताना अभियंत्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य असते, कंत्राटदाराच्या चेहऱ्यावर चिंता असते, आणि ज्याच्या दारापुढे खड्डा उघडा पडलेला असतो त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर काय असते, ते आम्ही लिहावयास नको. कंत्राटदाराची चिंता आम्हांस समजते. गृहस्थाचा संतापही समजतो. समजत नाही ते आश्चर्य! वऱ्हाडात राहून काळी माती लागल्याचे नवल करणे म्हणजे कोकणात जाऊन आषाढात पाऊस लागल्याचे नवल करण्यासारखे आहे.

परंतु या नवलाची किंमत मोठी असते, आणि ती अखेरीस करदात्याच्या खिशातून जाते. म्हणून या 'अनपेक्षित' मातीचा हिशेब एकदा उघडपणे मांडावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीची दोन नावे होती. जिच्यावर गाव वसते ती पांढरी, आणि जिच्यावर पीक येते ती काळी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती कोसळून, चुलींची राख मिसळून आणि लोकांच्या पायांनी तुडवून गावठाणाची माती फिकट व घट्ट झालेली असे. तिच्यावर घर बांधावे आणि काळीवर नांगर चालवावा, हा भेद शिकवावयास कोणी अभियंता आला नव्हता. काळीवर बांधलेली भिंत दोन पावसाळ्यांत तडकते, हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे शहरे वाढली. पांढरी अपुरी पडली. काळीचे सर्व्हे नंबर अकृषिक झाले, त्यांचे ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले आणि नकाशावर नऊ-नऊ मीटरचे रस्ते आखले गेले. कागदावर जमिनीची जात बदलली. जमिनीने मात्र आपली जात बदलली नाही. आज ज्या रस्त्यांखाली काळी 'अनपेक्षितपणे' लागते, त्यांपैकी पुष्कळ रस्ते एके काळी कपाशीची शेते होते, आणि याची साक्ष तहसील कचेरीतील जुने कागद देऊ शकतात.

या मातीचा स्वभाव वाचकांना ठाऊक आहेच. तरी त्यामागचे कारण सांगितले पाहिजे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक चिकण खनिज विपुल असते. त्याच्या कणांची रचना एकावर एक ठेवलेल्या पातळ पापुद्र्यांसारखी असते, आणि या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला हा स्वभाव मानवतो, कारण ओलावा धरून ठेवण्याची अशी शक्ती दुसऱ्या मातीत क्वचितच सापडेल. रस्त्याला तो मानवत नाही. ज्याच्यावर डांबर वा काँक्रीट अंथरावयाचे तो पायाच जर दर वर्षी श्वास घेतल्यासारखा वर-खाली होऊ लागला, तर वरच्या थराने काय करावे? तो तडकतो. तडीतून पाणी आत जाते, त्या पाण्याने खालची काळी आणखी मऊ होते, आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी वाहनाचे चाक रुतते.

ही माती ओळखावयास मोठी प्रयोगशाळा लागते असेही नाही. भारतीय मानक संस्थेने मातीच्या 'मुक्त फुगवट्या'ची एक परीक्षा ठरवून दिलेली आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घ्यावयाचे. एक भाग पाणी भरलेल्या मापाच्या काचनळीत टाकावयाचा, दुसरा रॉकेल भरलेल्या नळीत. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्ही नळ्यांतील मातीची उंची वाचावयाची. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर भरली, तर फुगवटा ८० टक्के. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे हा आकडा ५० च्या वर गेला की ती माती भरावासाठी वापरावयाची नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस अशी की, फुगणाऱ्या मातीवर रस्ता करणे भागच असेल तर तिच्यावर न फुगणाऱ्या घट्ट मातीचा ०.६ ते १ मीटर जाडीचा थर द्यावा. आपल्या भाषेत सांगावयाचे तर चांगला मुरूम घालून चांगली दबाई करावी. मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक कट्टी यांनी कर्नाटकातील मलप्रभा कालव्यांच्या निमित्ताने १९७० च्या दशकात याच दिशेने संशोधन केले. काळीवर वाळू पसरून तिचा फुगवटा आवरत नाही. तो आवरावयास न फुगणाऱ्या, परंतु स्वतः चिकट अशा मातीचा थर लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे रोगही ठाऊक आहे आणि औषधही ठाऊक आहे. अडते ते औषधाच्या पैशापाशी.

येथे अभियंत्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काळी आहे हे ठाऊक असले, तरी ती किती खोल आहे हे पृष्ठभागावरून दिसत नाही. यवतमाळ शहर पठारावर वसलेले आहे आणि त्याची जमीन चढउताराची आहे. उंचवट्यावर हातभर खणले की मुरूम लागतो. त्याच रस्त्याच्या उतारावर, एखाद्या बुजलेल्या नाल्याच्या जागी, पुरुषभर खणूनही काळीच निघते. त्यात जुन्या नळांच्या आणि गटारांच्या चऱ्या कोणी काळीनेच बुजवलेल्या असतात. निळोणा आणि चापडोह ही धरणे यवतमाळची तहान भागविण्यास अपुरी पडू लागली, म्हणून बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरात आणण्याची योजना अमृत अभियानात घेण्यात आली, आणि नव्या वाहिन्यांसाठी शहरातील रस्ते खणले गेले. अशी प्रत्येक चारी म्हणजे भावी रस्त्याखालचे एक अज्ञात प्रकरण असते. तेव्हा अनिश्चितता खरी आहे. फक्त ती मातीच्या जातीविषयी नसून तिच्या खोलीविषयी आहे.

आता पैशाचे गणित पाहू. समजा, रस्ता ५०० मीटर लांबीचा आणि ७ मीटर रुंदीचा आहे. निविदेत धरल्यापेक्षा अर्धा मीटर अधिक खोल खणावे लागले. म्हणजे १,७५० घनमीटर काळी उचलून न्यावयाची आणि तेवढाच दाबलेला मुरूम आणून भरावयाचा. दहा घनमीटरचा टिप्पर धरला तर काळी बाहेर काढण्याच्या पावणेदोनशे खेपा होतात, आणि मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून तो आणण्याच्या खेपा त्याहून अधिक. हा खर्च रस्त्याच्या वरच्या थराला लागणाऱ्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो, आणि तो कोठेच लिहिलेला नसतो.

लिहिलेला नसलेला खर्च समोर आला की काय होते? पहिला मार्ग सर्वांत सभ्य दिसतो: काम थांबवून सुधारित अंदाजपत्रक वर पाठवावयाचे. तांत्रिक मान्यता, सुधारित प्रशासकीय मान्यता, निधीची उपलब्धता, ठराव, असे करता करता कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. इकडे जून उजाडतो. उघड्या खड्ड्यात पहिल्या पावसाचे पाणी साचते, आणि एप्रिलमध्ये अर्धा मीटर काढावी लागली असती ती काळी ऑगस्टमध्ये मीटरभर काढावी लागते. दुसऱ्या मार्गात काम थांबत नाही. अधिक खोदाईचा खर्च वरच्या थरांतून वजा होतो. सोलिंग पातळ होते, खडी कमी पडते, मोजमाप पुस्तकात मात्र सर्व यथास्थित असते. तिसरा मार्ग सर्वांत जलद आहे. काळी पाहिलीच नाही असे समजावयाचे आणि तिच्यावर काँक्रीट ओतावयाचे! या तिसऱ्या मार्गाने झालेले रस्ते वाचकांनी पाहिले आहेत. ते कोठे आहेत हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

"कंत्राटदाराने जागेची पाहणी करूनच दर भरलेला आहे, मग काळी लागली तर तो त्याचा प्रश्न," असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि निविदेत या अर्थाचे कलमही असते. कायद्याचा कलही वरवर पाहता त्यांच्याच बाजूला दिसतो. लष्कराला तूप पुरविणाऱ्या अलोपी प्रसाद यांच्या प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, काम अपेक्षेपेक्षा महाग पडले म्हणून करार संपत नाही आणि जादा दरही आपोआप मिळत नाही. कायदा म्हणून हे योग्यच आहे. पण म्हणून शहराने निर्धास्त व्हावे काय?

निविदेची मुदत मोजक्या दिवसांची असते. तेवढ्या अवधीत दहा इच्छुक कंत्राटदारांनी एकाच सार्वजनिक रस्त्यावर दहा वेगवेगळे खड्डे खणून परीक्षा करावी, अशी अपेक्षा आहे काय? तशी परवानगी तरी त्यांना कोण देणार? पाहणी म्हणजे मोटारसायकलवरून मारलेली एक फेरी, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा स्थितीत जो शहाणा असतो तो काळीच्या भयाने दर चढवून भरतो, आणि जो धाडसी असतो तो अंदाजपत्रकाहून कितीतरी टक्के खाली जाऊन काम घेतो. काम अर्थातच धाडसी माणसाला मिळते. काळी लागली की त्याच्या धाडसाची भरपाई रस्त्याच्या जाडीतून होते. धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालून शहर सुटले, असे केवळ कागदावर दिसते.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेत १९१४ साली होलरबाख प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. एका नदीवरील जुन्या धरणाच्या दुरुस्तीचे ते काम होते. धरणामागे फुटके दगड, लाकडाचा भुसा आणि गाळ आहे, असे सरकारी कागदात लिहिले होते. प्रत्यक्षात खणल्यावर दगडांनी भरलेला लाकडी ओंडक्यांचा सांगाडा निघाला. जागा तपासण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकणारे कलम करारात होते, तरीही सरकारने स्वतः केलेल्या विधानावर विसंबण्याचा त्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरविले. पुढे १९२० च्या दशकात तेथील सरकारी करारांत एक कलमच घालण्यात आले: जमिनीखालची स्थिती कागदाहून वेगळी निघाली, तर कंत्राटदाराने तत्काळ कळवावे, सरकारने तत्काळ पाहावे आणि न्याय्य वाढ वा घट करावी. आंतरराष्ट्रीय करारांतही याच तत्त्वाचे कलम आहे. यात दानशूरपणा नाही, रोकडा हिशेब आहे. काळी लागली तर पैसे मिळतील अशी खात्री असली, म्हणजे कोणी भयापोटी दर चढवीत नाही, आणि काळी लागली नाही तर शहराचा एक रुपयाही जादा जात नाही.

आपल्या राज्याच्या बी-१ निविदा नमुन्यातही वाट अगदीच बंद नाही. एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढले, तर ठरलेलाच दर लागतो. त्यापुढच्या परिमाणाचा दर चालू दरसूचीवरून काढावयाचा आणि त्यावर निविदेची टक्केवारी लावावयाची, अशी योजना ३८ व्या कलमात आहे. वरच्या उदाहरणात निविदेत ४०० घनमीटर मुरूम धरला असेल, तर ५०० पर्यंत वाद नाही. वाद उरलेल्या १,२५० चा. पण कलम असून उपयोग काय? ते लेखी आदेशावर चालते, आणि आपल्याकडे साइटवरचा व्यवहार तोंडी चालतो. "तुम्ही करून टाका, पुढे बघू," हे वाक्य किती महाग पडते ते बी. के. मंडल यांच्या प्रकरणावरून दिसेल. बंगालमध्ये सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी गोदामे बांधली. रीतसर करार नव्हता. करार कायद्याच्या ७० व्या कलमाखाली त्यांना मोबदला मिळाला खरा, पण त्यासाठी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागावयास १९६१ साल उजाडले. गल्लीतल्या रस्त्याला इतकी वाट पाहता येत नाही.

तेव्हा करावयाचे काय? आमचे मत असे की, काळीचे देणे शहराने द्यावे. मात्र तपासून, मोजून आणि आधी लिहून द्यावे. निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक रस्त्यावर, विशेषतः उतारावर, बुजलेल्या नाल्यांच्या जागी आणि जुन्या चऱ्यांवर, नगरपरिषदेने स्वतः चाचणी-खड्डे घ्यावेत. त्यांतील थरांची नोंद आणि फुगवट्याचे आकडे निविदेसोबत सर्वांना द्यावेत. "अयोग्य माती काढणे व मुरूम भरून दबाई करणे" ही बाब निविदेत पहिल्या दिवसापासून असावी, तिला अंदाजे परिमाण असावे आणि स्पर्धेतून आलेला दर असावा. म्हणजे खड्ड्याच्या काठावर उभे राहून दराची घासाघीस करण्याचा प्रसंग येणार नाही. खड्ड्यांवरून जेवढे परिमाण निघेल त्याहून काही अधिक रक्कम त्याच कामाच्या नावाने राखून ठेवावी, आणि तेवढ्या मर्यादेपर्यंत जागेवरच लेखी निर्णय देण्याचा अधिकार अभियंत्यास असावा. त्या मर्यादेपलीकडे प्रकरण गेले तर ते अवश्य वर जावे. पण मग त्या निर्णयाला दिवसांची मुदत हवी, आणि तोवर उघडा खड्डा पाण्यापासून राखण्याचा खर्चही कोणाचा ते आधी लिहिलेले हवे.

कंत्राटदाराचे दोष मात्र काळीच्या नावावर खपवू देता कामा नये. त्याने खड्डा वेळेवर भरला नाही, पाण्याला वाट काढून दिली नाही आणि चांगली जमीन चिखल झाली, तर तो खर्च त्याचाच. पावसाने बिघडलेली आणि मुळातच वाईट असलेली, या दोन मातींत फरक आहे, आणि तो रॉकेलच्या नळीत दिसतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "काळी लागली" हे वाक्य म्हणजे बिल फुगविण्याची गुरुकिल्ली होईल. न खणलेले खड्डे खणले जातील आणि न आणलेला मुरूम भरला जाईल. ज्या जिल्ह्यात कागदावरच्या विहिरींच्या गोष्टी लोक चवीने सांगतात, तेथे हे भय अनाठायी म्हणता येणार नाही. पण मुरूम ही काही हवेतून येणारी वस्तू नाही. तो गौण खनिज आहे. त्याचे स्वामित्वधन महसूल खात्याकडे भरावे लागते आणि वाहतुकीचा परवाना लागतो. बिलातील घनमीटर आणि परवान्यांतील घनमीटर यांचा मेळ घालावयास कोणत्याही चौकशी समितीची आवश्यकता नाही, तिसरीच्या वर्गातले गणित पुरे आहे. भरावापूर्वी खड्ड्याची पातळी दोन्ही पक्षांनी एकत्र मोजावी, दर पन्नास मीटरवर पट्टी लावून छायाचित्र घ्यावे, आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्या दोघा नागरिकांची त्यावर सही असावी. आपल्या दारापुढचा खड्डा किती खोल होता, हे रहिवाशाइतके चांगले कोणास ठाऊक असणार!

सर्व ठिकाणी काळी काढून फेकलीच पाहिजे, असेही आमचे म्हणणे नाही. चुना मिसळला की या मातीचा चिकटपणा आणि फुगवटा दोन्ही उतरतात, आणि याविषयी इंडियन रोड्स काँग्रेसने स्वतंत्र मार्गदर्शन केलेले आहे. या जिल्ह्याचे भाग्य असे की वणी तालुक्यात चुनखडी आहे आणि राजूरच्या चुनाभट्ट्या प्रसिद्ध आहेत. वरच्या १,७५० घनमीटरचे वजन सुमारे २,८०० टन धरले, तर चार टक्क्यांप्रमाणे ११२ टन चुना लागेल. टिप्परच्या शेकडो खेपांशी त्याची तुलना तरी करून पाहावी! यात अडचणी आहेत. काळीची ढेकळे बारीक फोडल्याशिवाय चुना तिच्यात मिसळत नाही, आणि अरुंद गल्लीत ते यंत्र फिरविणे कठीण असते. शिवाय रस्त्याच्या कडेची गळकी नळवाहिनी तशीच ठेवून खाली चुना घाला वा मुरूम घाला, पाणी आपले काम करणारच. पण तुलनाच न करता दर वेळी मुरमाची टेकडी पोखरावयाची, हेही शहाणपणाचे नाही. आणि जी स्वच्छ काळी निघेल ती नाल्यात का लोटावी? धरणातील गाळ शेतात नेण्याची योजना राज्याने २०१७ पासून चालविली आहे. बरड जमिनीच्या शेतकऱ्यास रस्त्याखालची काळीही तितकीच मोलाची आहे. रस्त्याला जी नको ती त्याच्या बांधावर हवी आहे.

चाचणी-खड्डे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, घेतलेले बरे. त्या वेळी मातीची ओल आणि दुर्बलता दोन्ही दिसतात. ऑक्टोबरात खड्डे, नोव्हेंबरात अहवाल आणि डिसेंबरात निविदा असा क्रम ठेवला, तर मेपर्यंत दबाई पुरी होण्यास अडचण नसावी. आता रॉकेल मिळणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही, हे खरे. परंतु एका शहराच्या सर्व रस्त्यांच्या परीक्षेला लागेल तेवढे एका कॅनमध्ये मावते. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत रस्त्यांच्या नव्या कामांची यादी वाचली जाईल तेव्हा, यांपैकी किती रस्त्यांखालची माती तपासली आहे आणि चाचणी-खड्ड्यांसाठी किती रुपये ठेवले आहेत, एवढे दोनच प्रश्न नगरसेवकांनी उभे राहून विचारावेत आणि त्यांची उत्तरे कार्यवृत्तात नोंदवून घ्यावीत.